बाबेलातले बिऱ्हाड

घर सोडून शिकायला निघालेल्या मुलाला निरोप देताना आपल्याकडे काही वाक्ये ठरलेली असतात. ‘जेवणाची आबाळ करू नकोस’, ‘पोहोचल्याबरोबर फोन कर’, आणि एस. टी. हलता हलता, ‘देव आहे पाठीशी!’ पहिली दोन वाक्ये पाळणे फारसे अवघड नाही. तिसऱ्याचे नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. कोणाच्या खिशात कुलदैवताचा अंगारा असतो, कोणाच्या दंडाला दर्ग्यावरून आणलेला ताईत असतो. माझ्या ट्रंकेत पवित्र शास्त्र होते आणि त्याच्या पानांत आमच्या पाळकसाहेबांनी लिहून दिलेले एक पत्र. त्या पत्राची हकीकत पुढे येईलच.

परक्या शहरात पाय रोवताना श्रद्धा उपयोगी पडते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती तिच्या वापराविषयी. आम्ही ख्रिस्ती विद्यार्थी, आणि थोड्याफार फरकाने इतरही, श्रद्धेचे पांघरूण करतो. शहराचा वारा झोंबू लागला की ते डोक्यावरून ओढायचे आणि आतल्या उबेत स्वस्थ पडून राहायचे. माझ्या मते हा श्रद्धेचा गैरवापर आहे. ज्याला खरोखर देवाच्या भरवशावर नव्या गावी राहायचे आहे, त्याने आपले बिऱ्हाड उघड्या दाराने मांडले पाहिजे. हे म्हणण्याचा मला कितपत अधिकार आहे हे वाचकांनी ठरवावे. कारण पहिले वर्षभर मी स्वतः याच्या अगदी उलट वागलो.

मी नेवासे तालुक्यातला. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते नेवासे आणि अमेरिकन मराठी मिशनचे जुने ठाणे असलेले वडाळा, ही दोन्ही गावे एकाच तालुक्यात. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत ढोलकी आणि झांज वाजते, अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताचे भजन होते. सप्ताहात पखवाज वाजवणारे बुवा नाताळात आमच्याही भजनाला साथ देऊन जातात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. प्रवरासंगमचा पूल ओलांडला, गोदावरी मागे पडली, की आमचा नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, संपतो आणि औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, सुरू होतो. अंतर फार नाही. पण त्या पुलावर माणसाचे काहीतरी बदलते खास! गावात मला ‘तू कोण?’ असे कोणी विचारत नसे. विचारत ते ‘तू कुणाचा?’ आणि त्याचे उत्तरही बहुधा दुसराच कोणी परस्पर देऊन टाकी. इथे बसस्थानकावर उतरल्यापासून जो तो ‘पत्ता काय?’ म्हणून विचारू लागला, आणि माझ्याजवळ पत्ता नव्हता.

खरे म्हणजे या शहराला उपऱ्यांची सवय असायला हवी. १६१० साली इथे खडकी वसवणारा मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आला होता. त्यानेच नहरी खणून या उजाड माळाला पाणी पाजले. पाणचक्की ज्यांच्या दर्ग्याला लागून आहे, त्या बाबा शाह मुसाफिरांचे तर नावच मुसाफिर! डोंगरातले पाणी जमिनीखालून आणायचे, त्यावर जाते फिरवायचे आणि आल्यागेल्या फकिराच्या, वाटसरूच्या पोटाला पीठ पुरवायचे, अशी ती व्यवस्था. आपण तिथे पाहुण्यांना घेऊन फोटो काढायला जातो, असो. पुढे छावणीत पलटणी आल्या. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढले आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले नागसेनवनात राहायला आली. चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांनी तर गावेच्या गावे उचलून आणली. या शहरात ‘मूळचा’ म्हणवणाऱ्याच्या तीन पिढ्या मागे गेले, की बहुधा एक बैलगाडी किंवा एक एस. टी. लागतेच.

तरीही पहिले दोन महिने मला या शहराने आत घेतले नाही. दोष शहराचा होता की माझा, हे आता सांगता येत नाही. खोलीचीच गोष्ट घ्या. आमच्या मंडळ्यांतून साक्ष देताना ‘मी प्रार्थना केली आणि प्रभूने मला खोली दिली’ असे सांगण्याची पद्धत आहे. मीही गुडघे टेकून प्रार्थना केली. खोली मिळाली ती मात्र विद्यापीठाच्या वाटेवरच्या एका चहाच्या टपरीवाल्याने बेगमपुऱ्यातले एक घर दाखवले म्हणून. त्यात देवाचा हात नव्हता असे मी म्हणत नाही. पण टपरीवाल्याचे आभार आधी मानायला नकोत का? साक्षीत त्याचे नाव कधीच येत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

आता त्या पत्राविषयी. शाळा बदलताना जसा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तशी आमच्यात मंडळी बदलताना पत्र नेण्याची रीत आहे. पत्र आणणारा हा आमचा सभासद आहे, त्याची वागणूक चांगली आहे, त्याला आपल्यात सामावून घ्यावे, एवढाच त्यातला मजकूर. हा प्रघात फार जुना. पौलाने रोमच्या मंडळीला जे पत्र लिहिले, त्याच्या शेवटच्या अध्यायात त्याने फीबी नावाच्या एका बाईची अशीच शिफारस केली आहे. परक्या नगरात निघालेल्या त्या बाईला तिथल्या लोकांनी आपले म्हणावे, लागेल ती मदत करावी, असे तो कळवतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी जगातल्या सर्वांत मोठ्या शहरात पाऊल टाकणाऱ्या एका बाईजवळ जे होते, तेच माझ्याही ट्रंकेत होते. या पत्राची किंमत मला तेव्हा कळली नाही. नोकरी लागते ती वशिल्याच्या पत्राने, खोली मिळते ती डिपॉझिटाने. या पत्राने काय मिळते? मिळते ते एवढेच, की एखाद्या रविवारी तुमची जागा रिकामी राहिली, तर कोणीतरी वळून पाहते. ज्या शहरात महिनाभर तापाने फणफणून पडलात तरी शेजारच्या खोलीला पत्ता लागत नाही, तिथे हे थोडे नव्हे.

पण मी ते पत्र दिलेच नाही. उपासनेला जात होतो नियमितपणे. कोणत्या मंडळीत, ते येथे महत्त्वाचे नाही. शेवटच्या बाकावर बसायचे, आशीर्वाद झाला की बाहेर पडायचे. कारणे दोन. एक तर मला लाज वाटत असे. १९७० साली नागपूर येथे वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, हे खरे. पण कागदावर झालेली एकी कानाला लगेच ऐकू येत नाही. नगरकडच्या मंडळ्या अमेरिकन मिशनच्या, त्यांचा ओढा भजनाकडे. या शहरातले जुने मिशन इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे, त्यांची उपासना छापील प्रार्थनापुस्तकाबरहुकूम चालणारी. कुठे उठायचे, कुठे बसायचे, कुठे गुडघे टेकायचे, हेच मला कळेना. त्यात तरुण मंडळी गिटार घेऊन इंग्रजी गाणी म्हणणारी. नारायण वामन टिळकांची पदे ज्याला तोंडपाठ, त्या मला तिथे अडाण्यासारखे वाटू लागले. दुसरे कारण अधिक खोल होते. मला वाटे, आपण इथले थोडेच आहोत? तीन वर्षे काढायची आणि परत जायचे. पत्र दिले म्हणजे गावच्या मंडळीतले नाव कमी होणार. मग कशाला द्या?

मी एकटाच असा होतो असे नाही. नगर, श्रीरामपूर, वैजापूर, गंगापूर या भागांतून आलेली आम्ही सहा-सात मुले होतो. उपासना संपली की एकाच्या खोलीवर जमायचे, रस्सा-भात करायचा, गावाकडची गाणी म्हणायची, शहराला नावे ठेवायची आणि प्रार्थना करून उठायचे. आमच्यात दुसरा कोणी येत नसे, आम्ही बोलावतही नसू. दिवस मोठे मजेत जात. आम्ही एक लहानसे बेथेल वसवले होते म्हणा ना!

बेथेल म्हटले की आपल्या भागातल्या एका खऱ्या बेथेलची आठवण होते. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणारे नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्याच सुमारास त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्यावरून मोठे वादळ उठले. मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या त्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, या प्रश्नावर बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. नारायण शेषाद्री पुढे पाद्री होऊन निजामाच्या मुलुखात आले आणि सालारजंगांच्या दिवाणगिरीच्या काळात त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती झालेल्या लोकांचे एक गावच वसवले. त्याचे नाव बेथेल. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीने त्याआधीच शरणपूर वसवले होते. (आफ्रिकेत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुलेही या शरणपुरात येऊन राहिली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर थेट लंडनपर्यंत गेला, १८७४ साली! मलिक अंबरच्या मायभूमीच्या खंडातली मुले पुन्हा आपल्या महाराष्ट्रात, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला कोणी सांगत नाही.)

या वसाहतींची आज टिंगल करणे सोपे आहे. पण त्या काळी ख्रिस्ती झालेल्या माणसाला घर राहत नसे, विहीर राहत नसे, कोणी मजुरीला बोलावत नसे. त्याला कुठेतरी छप्पर हवेच होते. ज्याच्या डोक्यावर दगड पडत आहेत त्याला भिंत घालू नकोस असे कोण म्हणेल? माझी तक्रार शेषाद्रींविषयी नाही. ती आमच्याविषयी आहे. आमच्यावर कोणी दगड मारत नव्हते, तरीही आम्ही भिंत घातली.

मुळात बेथेल हे नाव ज्या कथेतून आले, ती कथा भिंतीची नाहीच. याकोब घरातून पळाला आहे. भावाला फसवून आलेला, म्हणजे माणूस काही फार सज्जन नव्हे! परक्या मुलुखात रात्र पडते. उशाला दगड घेऊन तो उघड्यावर झोपतो आणि स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते. जागा झाल्यावर तो दचकतो, तो या जाणिवेने, की या जागेतही देव आहे आणि आपल्याला ते ठाऊकच नव्हते. म्हणून तो त्या जागेचे नाव बेथेल ठेवतो, म्हणजे देवाचे घर. पण त्या जागेला आधीचे नाव होते, लूज. तिथे आधीच वस्ती होती. याकोबाने देव तिथे नेला नव्हता. मला वाटते, नव्या शहरात येणाऱ्या प्रत्येक श्रद्धाळू माणसाची पहिली चूक इथेच होते. आपण देवाला पेटीत घालून आणला आहे आणि बाहेर सगळा देवाविना मुलूख आहे, असे तो धरून चालतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांनी उताऱ्यापुरती वाचलेली असतात. परीक्षेचे ओझे उतरले की सबंध पुस्तक वाचावे, अशी माझी विनंती आहे. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा या बाई त्यांच्यापासून दूर, सासर-माहेरच्या माणसांत होत्या. काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, त्या सोवळे सांभाळत, पाणी वेगळे, चूल वेगळी. म्हणजे त्याही भिंत घेऊनच आल्या होत्या! ती भिंत पुढे राहुरीला पडली. ती पाडायला कोणी पाद्री आला नाही. त्यांनी स्वतःशीच विचार केला, की जाती देवाने केल्या की माणसांनी; आणि उत्तर सापडल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी शेजारी आपले झाले, मग धर्म बदलला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. १९१९ साली टिळक गेले. नंतर मुलाच्या नोकरीमुळे त्यांना कराचीला जावे लागले. नाशिक जिल्ह्यातली, फारसे शालेय शिक्षण नसलेली, पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई आणि कुठली कराची! पण तिथेही त्यांनी माणसे जोडली. त्यांच्या पुस्तकात गावे बदलतात, घरे बदलतात, पण बाईंच्या दारातली वर्दळ कमी होत नाही. स्वतःची फजिती स्वतःच हसत सांगणाऱ्या माणसाला कोणतेही शहर फार दिवस परके ठेवू शकत नाही, हेही खरे.

जुन्या करारात एक पत्र आहे. पाळकसाहेबांच्या पत्रापेक्षा ते कितीतरी जुने. यरुशलेमहून लोकांना कैद करून बाबेलात नेले, तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने त्यांना ते धाडले. या लोकांचा तेव्हा एक लाडका संदेष्टा होता, हनन्या. तो सांगत फिरे की दोन वर्षांत सगळे घरी परतणार. लोकांना ते गोड वाटे. यिर्मयाने मात्र कळवले: सत्तर वर्षे लागतील. तेव्हा घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा. आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचे कल्याण झाले तर तुमचेही होईल. बाबेल! ज्या नगराने त्यांचे मंदिर लुटले त्या नगरासाठी प्रार्थना करा, म्हणतो. हे पत्र मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण ‘तीन वर्षे काढायची’ असे म्हणणारा मी स्वतः हनन्याचा शिष्य आहे, हे माझ्या लक्षात यायला दुसरे वर्ष उजाडावे लागले. आपल्या कॉलेजातली निम्मी मुले हनन्याची शिष्य आहेत, मग त्यांचा धर्म कोणताही असो. शुक्रवारी संध्याकाळी बसस्थानकावर जाऊन पाहावे. ज्या गल्लीत तीन वर्षे राहिलो, तिथल्या किराणा दुकानदाराचे नावही ठाऊक नसते आणि पाण्याच्या टँकरसाठी गल्लीतल्या बाया भांडत असतात तेव्हा आपण दार लावून ‘अभ्यास’ करत असतो.

आता जी गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो ती. खोली घेताना घरमालकाने आडनाव विचारले. आमची आडनावे इतरांसारखीच. ऐकून काही कळत नाही. त्यांनी मग चौकशी सुरू केली: खाण्यापिण्याचे कसे, घरी देवधर्म काय. माझ्या तोंडून निघून गेले, ‘आमच्याकडे सगळे साधेच, भजनाचे वळण आहे.’ शब्दाला शब्द धरला तर यात खोटे काहीच नव्हते! ते खूश झाले. खोली मिळाली. पण त्या एका वाक्याने मला वर्षभर बांधून ठेवले. पवित्र शास्त्र वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी गेले. खोलीत माझ्याबरोबर बीड जिल्ह्यातला एक मुसलमान मुलगा होता. रविवारी सकाळी कुठे जातोस, असे त्याने विचारले तेव्हा ‘क्लासला’ म्हणून सांगितले. नाताळच्या सुट्टीत लवकर निघालो, तो ‘आजी आजारी आहे’ म्हणून. आजी ठणठणीत होती. बिचारी माझ्यासाठी करंज्या करत होती. देवाच्या भरवशावर शहरात आलेला मी देवाचे नाव लपवून राहत होतो, आणि रात्री अंथरुणात त्याच देवाकडे ‘मला या शहरात सांभाळ’ म्हणून मागणे मागत होतो.

रमजान आला. तो पहाटे सहरीला उठे, स्टोव्हचा आवाज होऊ नये म्हणून रात्रीच काढून ठेवलेले थंडच खाई. एका पहाटे मला राहवले नाही. उठलो, स्टोव्ह पेटवून त्याचे जेवण गरम करून दिले आणि सांगून टाकले, की मी ख्रिस्ती आहे, रविवारी क्लासला जात नाही. तो खात राहिला. मग म्हणाला, ‘वो किताब मैंने पहले हफ्ते में देखी. पेपर फट गया था, मैंनेच दुसरा लपेटा.’ वर्षभर त्याने माझे गुपित माझ्यापेक्षा नीट सांभाळले होते! घरमालकांना मी त्याच आठवड्यात सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि भाडे पाच तारखेच्या आत देत जा म्हणाले. त्यांच्या मनात काय आले, मला माहीत नाही. खोली सोडायला लावतील या भीतीत मी जे वर्ष घालवले, त्याचा त्यांना पत्ताही नसेल. सगळ्यांचेच घरमालक असे निघतात असे मी म्हणणार नाही. खोली नाकारली गेलेले माझे मित्र आहेत आणि त्यांनी उगाच बोलू नये असे सांगण्याचा मला अधिकार नाही.

कारण लपवण्याची सवय आम्हांला केवळ भित्रेपणामुळे लागलेली नाही. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक २०११ च्या जनगणनेत शंभरात एकही पुरते नव्हते, आणि आपल्या या भागातले बहुतेक पूर्वीच्या अस्पृश्य जातींतून आलेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. आपल्या राज्यात अशा कुटुंबांना इतर मागासवर्गात जागा आहे. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी असे सुचवले. २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. धर्म बदलला तरी गावाने जात बदलू दिली नाही, आणि सरकारने मात्र ती बदलली असे धरले. परिणामी कित्येक घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. फी भरताना त्या बापाच्या पोटात काय कालवते हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्याला खोटारडा म्हणू नये. मी म्हणत नाही. पण या दुहेरी जगण्याची एक किंमत त्याचा मुलगा शहरात आल्यावर मोजतो. कोणी ‘तू कोण?’ विचारले की त्याच्या तोंडून आधी शांतता येते. श्रद्धा ही त्याच्या लेखी आधार राहत नाही, सांभाळायचे एक गुपित होते. आणि गुपित उराशी धरून माणसाला मित्र जोडता येत नाहीत.

म्हणून माझे दोन शब्द मंडळ्यांना आणि दोन आपल्या कॉलेजाला. शहरातल्या मंडळ्यांनी जूनमधला एक रविवार नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवावा. भाषणे नकोत! त्या दिवशी ढोलकी काढावी, टिळकांचे एखादे पद म्हणावे, खेड्यातल्या मुलाला ते सांगायला लावावे. विद्यार्थ्यांना खोली देऊ शकणाऱ्या घरांची एक यादी करावी आणि ती सर्वांना खुली ठेवावी. बीडच्या मुसलमान मुलालाही, लातूरच्या मारवाड्यालाही. आपल्याच माणसांपुरती यादी केली तर ते पुन्हा बेथेल होईल. कॉलेजाने काय करावे? प्रवेशाच्या अर्जावर जात आणि धर्म विचारला जातो, तो कायद्यासाठी लागतो, ठीक आहे. पण पहिल्या महिन्यात बाहेरगावच्या मुलांना एकदा जमवून, खोली मिळाली का, खाणावळ कुठे लावली, एवढे विचारायला अर्जाची गरज नाही. आमच्या काही प्राध्यापकांनी हे आपणहून केले आहे. त्यांची नावे घेतलेली त्यांना आवडणार नाहीत.

आमच्यातला एक मित्र या सगळ्यावर म्हणतो, ‘मग देव हवाच कशाला? माणुसकी पुरे.’ त्याला मी वाद घालून जिंकू शकलेलो नाही. मला एवढेच सांगता येते, की त्या पहाटे स्टोव्ह पेटवायला मी उठलो, तो माणुसकी आठवून नाही. आदल्या रात्री याकोबाची गोष्ट वाचली होती म्हणून उठलो. दुसरा कोणी दुसरे काही आठवून उठेल. उठला म्हणजे झाले.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी ते पत्र नेऊन दिले. मंडळीच्या सेक्रेटरींनी चष्मा वर करून तारीख पाहिली आणि म्हणाले, ‘अहो, हे तर मागच्या वर्षीचे आहे! इतके दिवस कुठे होता?’ मी म्हटले, ‘इथेच. शेवटच्या बाकावर.’ त्यांनी वही उघडली, नाव लिहिले आणि पत्ता विचारला. मी बेगमपुऱ्याचा पत्ता सांगितला, घर क्रमांकासह. त्यांनी तो लिहून घेतला आणि म्हणाले, ‘पुढच्या रविवारी सतरंज्या घालायला माणूस कमी आहे. आठाला उपासना, साडेसातला या.’